लोहाराची भट्टी : कोळशाची की गॅसची?

ग्रामीण कारागिरांच्या प्रश्नावर बोलणारांचे आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाच्या मते कोळशाची भट्टी हा मागासलेपणाचा अवशेष असून लोहाराने ती विझवून गॅसची भट्टी पेटवली की त्याचे दारिद्र्य आणि गावातला धूर ही दोन्ही एकाच वेळी नाहीशी होतील. दुसऱ्या पंथाला भाता, निखारे आणि ऐरण यांत आपल्या संस्कृतीचे दर्शन घडते आणि ते दर्शन कायम राहावे अशी त्याची इच्छा असते. मात्र त्या धुरात अर्धा तास बसण्याची त्याची तयारी नसते. या दोन्ही पंथांत मतभेद कितीही असले, तरी ज्याला भट्टीसमोर बसायचे आहे त्याला काही विचारावे असे दोघांनाही वाटत नाही.

हा प्रश्न आता आपल्या तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढेही येऊ लागला आहे. सरकारी योजनेचा अर्ज भरून घेण्यासाठी आलेला लोहार विचारतो की, कर्ज घेऊन गॅसची भट्टी बसवू का? त्याला ‘प्रगती कर’ किंवा ‘परंपरा सोडू नको’ असे उत्तर देणे म्हणजे प्रश्न टाळणे होय. त्यासाठी आधी भट्टीचे शास्त्र, मग इंधनाचे अर्थशास्त्र आणि शेवटी त्या अर्थशास्त्रामागचे सत्तेचे संबंध या क्रमाने जावे लागेल.

प्रथम शास्त्र पाहू. पोलाद घणाखाली मऊ पडावे यासाठी ते सुमारे ११०० ते १२५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावे लागते. पाणी द्यायचे असेल तर याहून बरीच कमी, परंतु सर्वत्र सारखी उष्णता लागते. सुमारे ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो, आणि त्याच्या थोडे वर गेल्यावर ते पाण्यात किंवा तेलात बुडवायचे असते. कोळशाच्या उघड्या भट्टीचा मोठा गुण असा की, तीत उष्णता हवी तेथेच देता येते. पहारेचे फक्त टोक, टिकावाची फक्त झिजलेली चोच, फाळाचा फक्त अग्रभाग निखाऱ्यांत खुपसता येतो आणि बाकीचा नग थंड राहतो. वस्तू वाकडी असो, रुंद असो की लांब असो, निखारे तिच्या आकाराप्रमाणे सरकवता येतात. भाता जोरात चालवला तर लोखंडाला लोखंड सांधण्याइतकी उष्णता तीत सहज मिळते. शिवाय ही भट्टी जमिनीत खड्डा खणून, चार विटा मांडून कोठेही उभी करता येते.

तिचे दोषही तितकेच खरे आहेत. आपल्या देशातील दगडी कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः ३० ते ४० टक्के असते. ही राख वितळून भट्टीच्या तळाशी चिकट खडे बनतात, वारा अडतो आणि काम थांबवून ते उकरून काढावे लागतात. लक्ष जरा ढळले तर पोलाद ठिणग्या टाकत जळून जाते आणि नग वाया जातो. पेटवायला वेळ लागतो. एक काम संपून दुसरे येईपर्यंत निखारे फुकट जळत राहतात. आणि सर्वांत गंभीर म्हणजे धूर. बंदिस्त जागेत जळणाऱ्या दगडी कोळशाच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. ज्या झोपडीत भट्टी, त्याच झोपडीत जेथे चूल आणि पाळणा असतो, तेथे याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

गॅसची भट्टी म्हणजे आतून उष्णतारोधक अस्तर लावलेली पोलादी पेटी किंवा नळकांडे. काही मिनिटांत ती तापते, चावी फिरवली की विझते, आणि आतील सर्व भाग जवळपास सारखा तापत असल्यामुळे एका वेळी पाच-सहा विळे किंवा कोयते ठेवून पाठोपाठ घडवता येतात. पाणी देण्यासाठी लागणारी एकसारखी उष्णता तीत अधिक भरवशाने मिळते आणि शिकाऊ मुलाच्या हातून पोलाद जळून जाण्याचा धोका कमी राहतो. परंतु तिच्या तोंडात जे मावेल तेवढेच ती तापवते. हवे तेथेच उष्णता देणे तिला नीट साधत नाही. लहान टाकीतून गॅस वेगाने ओढला की टाकी गार पडून दाब उतरतो आणि ऐन कामात ज्योत मंदावते. धूर दिसत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे हाही भ्रम होय. बंद खोलीत तिच्यातूनही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, आणि अस्तराचे जुने झालेले तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे अपायकारक असते. ठिणग्या उडणाऱ्या ठिकाणी टाकी आणि नळी किती अंतरावर ठेवायची, हे शिकवणारा माणूसही लागतो.

यावरून एवढे स्पष्ट होते की, एकाच प्रकारच्या वस्तू संख्येने करायच्या असतील तर गॅसची भट्टी सरस ठरते, आणि येईल ते औजार दुरुस्त करायचे असेल तर कोळशाची. आपला खेड्यातील लोहार दोन्ही कामे करतो. पावसाळ्यापूर्वी फाळ आणि कुळवाच्या पासा शेवटून देणे हे त्याचे दुरुस्तीचे काम. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून कोयते घडवणे हे त्याचे संख्येचे काम. ज्या कोयत्याच्या नावाने ऊसतोड मजुरांचे जोडपे मोजले जाते, तो कोयता कोणत्या भट्टीत तापतो, याचा विचार मजुरांच्या चळवळीने आजवर फारसा केलेला नाही.

शिवाय ‘लोहार’ हा एक एकजिनसी वर्ग नाही. गावात दुकान असलेला, पूर्वी बलुत्यावर आणि आता रोखीवर काम करणारा लोहार वेगळा. आणि आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत असलेला, बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारा घिसाडी किंवा गाडी लोहार वेगळा. घिसाड्याच्या बिऱ्हाडात पुरुष सांडशीने नग धरतो आणि त्याची बायको समोर उभी राहून घण घालते. तिचा दिवस घणाबरोबर संपत नाही. पाणी, स्वयंपाक आणि मुले तिच्याच वाट्याला असतात. या कुटुंबाला कोळशाचे पोते गाडीवर टाकून कोठेही नेता येते. व्यापारी वापराच्या गॅसजोडणीसाठी मात्र पत्ता लागतो, जागेचा कागद लागतो, अनामत रक्कम लागते. ज्याला राहण्याचा पत्ता नाही त्याला स्वच्छ इंधनाचाही हक्क नाही, अशी ही व्यवस्था आहे.

आता अर्थशास्त्र. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. बऱ्या प्रतीच्या दगडी कोळशापासून ५,५०० धरली तर कागदावर दोन किलो कोळसा एका किलो गॅसच्या बरोबरीचा होतो. पण भट्टीतील बहुतेक उष्णता लोखंडात न जाता हवेत जाते, आणि किती जाते हे भट्टीच्या बांधणीवर व कामाच्या सलगतेवर अवलंबून असते. म्हणून या कागदी हिशेबावरून कोणालाही कर्ज घ्यायला सांगू नये. एका किलो इंधनात किती कोयते निघाले, हे प्रत्यक्ष मोजणे हाच खरा हिशेब.

तथापि किमतीइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे खरेदीची रीत. कोळसा पाच-दहा किलो घेता येतो. आजच्या कमाईतून उद्याचा कोळसा येतो. व्यापारी वापराची टाकी १९ किलोची असते आणि तिचे सगळे पैसे एकदम मोजावे लागतात. ज्याच्याजवळ खेळते भांडवल नाही त्याच्या दृष्टीने स्वस्त पण एकरकमी इंधन हे महाग पण किरकोळ इंधनापेक्षा दूरचे असते. ही गोष्ट आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. सावकाराला मात्र ती चांगली ठाऊक असते. ५ किलोची टाकी बाजारभावाने मिळते खरी, परंतु वर सांगितल्याप्रमाणे भट्टीच्या सलग कामाला ती अपुरी पडते.

मग लोहार काय करतो? घरातील १४.२ किलोची टाकी दुकानात आणतो. घरगुती गॅस व्यवसायासाठी वापरण्यास २००० सालच्या पुरवठा व वितरण आदेशाने बंदी आहे. म्हणजे स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा एकमेव परवडणारा मार्ग पत्करला की हा कारागीर कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार होतो आणि त्याची टाकी जप्त करण्याची धमकी देणाऱ्याला एक नवे उत्पन्न मिळते. घरगुती गॅसवर ५ टक्के कर आहे. व्यवसायाच्या गॅसवर १८ टक्के. मोठ्या कारखान्याला हा कर पुढच्या करातून वळता करून घेता येतो. ज्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेपर्यंत कधी पोचतच नाही, त्या लोहाराला तो पूर्णपणे स्वतःच्या खिशातून सोसावा लागतो.

गॅसच्या किमतीवर गावाचे तर सोडाच, देशाचेही पुरते नियंत्रण नाही. अलीकडच्या वर्षांत आपण वापरतो त्यापैकी निम्म्याहून अधिक गॅस आयात होतो आणि तोही मुख्यतः आखाती देशांतून. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध भडकताच दिल्लीत १९ किलोच्या टाकीची किंमत एप्रिलमध्ये २,२५३ रुपयांवर आणि मे महिन्यात २,३५५ रुपयांवर गेली. मराठवाड्यातील एखाद्या लोहाराच्या कोयत्याची किंमत त्या महिन्यात वाढली नव्हती.

कोळशाची कथा याहून निराळी आणि आपल्या दृष्टीने अधिक बोचरी आहे. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत सार्वजनिक क्षेत्राच्या खाणी आहेत. त्या चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. असे असूनही आपल्या लोहाराला कोळसा मिळतो तो चौथ्या-पाचव्या हातातून. याला एक भूगर्भीय कारण आहे: वर्धा खोऱ्यातील कोळसा कोक न बनणारा आणि मुख्यतः वीजकेंद्रांच्या उपयोगाचा आहे, ज्या कोळशाचा चांगला कोक होतो तो प्रामुख्याने झारखंडातील झरियाच्या परिसरात सापडतो. परंतु दुसरे कारण मानवनिर्मित आहे. २००७ च्या वितरण धोरणाने वर्षाला ४,२०० टनांहून कमी कोळसा लागणाऱ्या लहान ग्राहकांना राज्याने नेमलेल्या संस्थांमार्फत पुरवठा करण्याचे ठरवले. २०१६ मध्ये ही मर्यादा १०,००० टन करण्यात आली. लोहाराला दिवसाला १० किलो कोळसा लागतो असे धरले, तरी ३०० दिवसांत ३ टन होतात. ज्या ‘लहान’ ग्राहकाच्या व्याख्येत ३,३०० लोहारांइतका कोळसा एकटा घेणारा कारखानदार बसतो, तेथे खऱ्या लहानाच्या वाट्याला काय येणार? राष्ट्रीयीकरणाने खाण लोकांची झाली, पण वितरण व्यापाऱ्याचेच राहिले.

करातील अलीकडचा बदलही पाहण्यासारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरील टनामागे ४०० रुपयांचा उपकर रद्द झाला आणि कराचा दर ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. साधे गणित केले तर टनाला सुमारे ३,०७७ रुपयांपेक्षा कमी मूळ किंमत असलेल्या कोळशावरील बोजा यामुळे घटला आणि त्याहून महाग कोळशावरील वाढला. हलका कोळसा वीजकेंद्रांत जातो. कमी राखेचा चढ्या प्रतीचा कोळसा लोहाराला लागतो. बदल कोणाच्या सोयीचा झाला हे या आकड्यावरून ताडता येईल.

राहता राहिला लोणारी कोळसा. लाकडाचा असल्यामुळे तो शुद्ध, कमी राखेचा आणि पोलादाला मानवणारा. पण त्याच्या भट्ट्यांवर राबणारी माणसे कोण आहेत? उचल घेऊन कुटुंबासह महिनोन्‌महिने परमुलखात कोळसा पाडणारे कातकरी. एका कारागिराची सोय दुसऱ्या श्रमिकाच्या वेठीवर उभी राहणार असेल, तर आपण त्या सोयीची शिफारस डोळे झाकून करू शकत नाही.

यावर एक आक्षेप येईल की, हवामानाचे संकट दारात असताना कोळशाची बाजू घेणे कितपत योग्य? आक्षेप प्रामाणिक आहे. पण प्रमाण पाहावे. २०२४-२५ मध्ये देशातील कोळशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या पलीकडे गेले आणि त्याचा फार मोठा हिस्सा वीजनिर्मितीत जळाला. लोहाराच्या तीन टनांनी आकाश काळवंडलेले नाही; त्या तीन टनांनी काळवंडते ते त्याचे स्वतःचे फुप्फुस. म्हणून कोळसा सोडायचा तो प्रथम त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आरोग्यासाठी, आणि त्या बदलाचा खर्च त्याच्या डोक्यावर न टाकता.

असा बदल कसा करावा आणि कसा करू नये, याची उदाहरणे देशात आहेत. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या परिसरातील २९२ कारखान्यांना कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायू वापरण्याचा किंवा स्थलांतर करण्याचा आदेश दिला. त्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने नळाने वायू आणला, आणि स्थलांतरित कारखान्यांतील कामगारांची सेवा अखंड धरावी व त्यांना एक वर्षाचे वेतन द्यावे, असेही त्याच निकालात सांगितले गेले. १ जानेवारी २०२३ पासून दिल्लीच्या राजधानी परिसरातील उद्योगांत कोळशावर बंदी आली, तीही मुळात वायूच्या नळांचे जाळे गृहीत धरून. आपल्या खेड्यांत असा नळ नाही आणि लोहाराजवळ दाखवायला हजेरीपट तर नाहीच. म्हणून शहरी कारखान्याला लागू पडलेला उपाय त्याच्यावर तसाच लादता येणार नाही.

ग्रामोद्योगांतील तंत्रबदलाविषयी १९५५ मध्ये प्रा. द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एक तत्त्व मांडले होते: सुधारणा जरूर व्हावी, पण ती पायरीपायरीने आणि कारागिराला बेकार न करता. ते तत्त्व आजही बाजूला टाकण्याजोगे नाही. २०२३ च्या १७ सप्टेंबरला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत लोहारासह १८ व्यवसाय आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज मिळते. मिळते ते घ्यावे. परंतु या योजनेत हत्यार आहे, कर्ज आहे, इंधन मात्र नाही. ज्या भट्टीचे इंधन परवडत नाही ती भट्टी कर्जाने दारात आणून देणे म्हणजे कारागिराच्या नावावर यंत्रविक्रेत्याला मदत करणे होय.

तेव्हा लोहाराला आपण काय सांगावे? माझे मत असे की, एकट्याने कर्ज काढून गॅसभट्टी घेऊ नये, आणि कोळशाची भट्टी मोडून तर मुळीच घेऊ नये. आठ-दहा जणांनी मिळून बाजारगावी सामायिक गॅसभट्टी चालवावी; हंगामी कोयते-विळ्यांचे संख्येचे काम तेथे करावे, टाक्यांचे पैसे संस्थेने भरावेत आणि प्रत्येकाने वापराप्रमाणे फेडावेत. एकापेक्षा अधिक टाक्या जोडल्या की दाब उतरण्याची अडचणही कमी होते. दुरुस्तीसाठी गावातील कोळशाची भट्टी राहू द्यावी. मात्र ती घराबाहेर न्यावी, वर धुराडे बांधावे आणि हाताच्या भात्याऐवजी विजेचा पंखा लावावा. हा खर्च थोडा आहे आणि त्याचा लाभ त्याच दिवसापासून मिळतो.

सरकारकडे आपल्या मागण्या निश्चित शब्दांत असाव्यात. नोंदणीकृत कारागिरांच्या सहकारी संस्थांना भट्टीसाठीचा गॅस घरगुती दराच्या करानेच मिळाला पाहिजे. पत्ता नसलेल्या भटक्या कुटुंबांना कारागीर ओळखपत्रावर जोडणी मिळाली पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी राज्याने नेमलेल्या संस्थेचे कोळसा विक्री केंद्र असावे व तेथे किलोच्या मापाने चांगल्या प्रतीचा कोळसा मिळावा. कारागिराच्या याद्यांत घण घालणाऱ्या स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे आले पाहिजे; आज ती कुटुंबातील ‘मदतनीस’ म्हणूनही मोजली जात नाही. आणि घरगुती टाकी वापरल्याबद्दल लोहाराला पकडण्यापूर्वी त्याला कायदेशीर टाकी परवडेल अशी व्यवस्था आधी झाली पाहिजे.

या मागण्या पत्रकातून वाचून दाखवून भागणार नाही. येत्या कोयत्यांच्या हंगामापूर्वी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील भट्ट्या मोजाव्यात: किती कोळशावर, किती गॅसवर, किती बंद पडलेल्या, कोळसा कोणाकडून व कोणत्या भावाने येतो, उधारीवर व्याज किती, घण कोण घालते, खोकला कोणाला आहे. हे आकडे आज कोणत्याही सरकारी कचेरीत एकत्र मिळणार नाहीत. ते हाती आल्यावरच जिल्हाधिकाऱ्यांपुढे मागणी ठेवावी, आणि ती ठेवताना लोहार व घिसाडी स्त्री-पुरुष आपल्या मागे उभे न राहता पुढे उभे असावेत.